तेलगळती, बुडती जहाजे आणि किनाऱ्यावरचा कामगार

(बंदर, गोदी आणि किनारी वाहतूक कामगारांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त सारंगाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या पत्रिकेत माझ्या विषयासमोर 'व्याख्यान' असे छापले आहे. मी व्याख्याता नव्हे. बत्तीस वर्षे लाँचवर काढली, त्यांतली शेवटची चौदा सारंग म्हणून. तेव्हा जे पाहिले आणि जे नंतर वाचून समजून घेतले, तेवढेच सांगतो.

संयोजकांनी दिलेला विषय असा आहे : किनाऱ्याजवळ जहाजाला अपघात झाला, तेल किंवा माल पाण्यात सांडला, तर त्याला तोंड कसे द्यावे, आणि त्यात युनियनचे काम कोणते. यातला पहिला भाग आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावर असतो. तटरक्षक दल आहे, राष्ट्रीय आराखडा आहे, यंत्रे आहेत. दुसऱ्या भागाचा मात्र आपण फारसा विचार केलेला नाही. आपण म्हणजे मीसुद्धा. म्हणून आज मी आपल्या चुकीबद्दलही बोलणार आहे.

शनिवार, ७ ऑगस्ट २०१०

मुंबई बंदराच्या तोंडाशी त्या दिवशी सकाळी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा न्हावा-शेव्याहून माल घेऊन बाहेर पडत होते, खलिजिया मुंबई बंदरात येत होते. चित्रावर बाराशेहून जास्त कंटेनर होते. त्यांपैकी एकतीस कंटेनरमध्ये कीटकनाशके होती. टाक्यांत अडीच हजार टनांहून अधिक इंधन तेल होते. जहाज एका कुशीवर कलंडले, कंटेनर धडाधड पाण्यात पडू लागले, आणि सुमारे आठशे टन तेल समुद्रात गेले असा अंदाज नंतर सांगितला गेला. माणसे वाचली, हे भाग्य. पण पाण्यात तरंगणारे आणि अर्धवट बुडालेले कंटेनर म्हणजे जहाजांच्या वाटेतले सुरुंगच. म्हणून मुंबई आणि न्हावा-शेवा, दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. देशातली एवढी मोठी दोन बंदरे थांबली, म्हणजे किती ट्रकचालक, किती माथाडी, किती रोजंदारीवाले बसून राहिले असतील याचा हिशेब तुम्ही मांडू शकता.

मी त्या आठवड्यात पाण्यावरच होतो. तेलाचा वास बंदराच्या आतपर्यंत यायचा. उधाणाच्या भरतीबरोबर तवंग एलिफंटाकडे, उरणकडे, अलिबागच्या बाजूला सरकला. खाडीच्या काठी तिवरांच्या मुळ्यांवर काळा थर बसला. तिवराचे झाड मुळांनी श्वास घेते, हे आपल्या कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. त्या मुळ्यांवर तेल बसले की झाड गुदमरते, आणि तिवर गेले की कोळंबीचे, खेकड्याचे, निवटीचे घर गेले. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. पावसाळ्याचे दोन महिने होड्या काठावर ओढून ठेवलेली माणसे जाळी विणून तयार बसली होती. त्यांचा हंगाम असा सुरू झाला की मासळीला गिऱ्हाईक नाही आणि डोल जाळी काढली तर तिच्यात काळा चिखल.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. चित्रा हे जहाज १९८० सालचे, म्हणजे टकरीच्या वेळी तीस वर्षांचे. झेंडा पनामाचा. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, साठ हजार टन कोळसा घेऊन जाणारे 'राक कॅरियर' मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर बुडाले. त्याचाही झेंडा पनामाचाच. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यासमोर बुडालेले 'एमएससी एल्सा ३' १९९७ सालचे, झेंडा लायबेरियाचा. मालक एका देशात, झेंडा दुसऱ्या देशाचा, खलाशी तिसऱ्या-चौथ्या देशांतले, आणि तेल येते ते आपल्या काठावर. सोयीच्या झेंड्याबद्दल आपल्या चळवळीने पूर्वीपासून जे म्हटले आहे, ते केवळ खलाशांच्या पगारापुरते नाही. जहाज जुने झाले, मालक लांब राहिला, की शेवटी भुर्दंड किनाऱ्याला पडतो.

तेल सांडल्यावर काय होते

यंत्रांवर आंधळा विश्वास नको आणि यंत्रांची टिंगलही नको. म्हणून दोन शब्द कामाच्या पद्धतीबद्दल.

जहाजाच्या इंजिनात जाळतात ते तेल डिझेलसारखे पातळ नसते. ते काकवीसारखे जड असते. पाण्यात पडले की पसरते. त्यातला हलका भाग पहिल्या दिवस-दोन दिवसांत उडून जातो, आणि डोके दुखते, मळमळते ते त्या वाफेने. उरलेल्या जड भागात लाटांच्या घुसळणीने पाणी शिरते आणि तपकिरी, चिकट लगदा तयार होतो. त्याचे आकारमान मूळ तेलाच्या तिप्पट-चौपट होते. म्हणजे शंभर टन तेल सांडले तर किनाऱ्यावर उचलायला तीनशे-चारशे टन लगदा येतो, शिवाय त्याला चिकटलेली वाळू, शेवाळ, कचरा वेगळाच.

समुद्रावर तेल अडवायला बूम लावतात. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारा लांबलचक अडसर. अडवलेले तेल स्किमर नावाच्या यंत्राने ओढून घेतात. दोन्ही उपयोगी आहेत. पण प्रवाह ताशी पाऊण मैलाच्या वर गेला की तेल बूमच्या खालून निसटू लागते, आणि पावसाळ्याच्या खवळलेल्या समुद्रात लाटा बूमवरून उड्या मारतात. मुंबईला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. त्या ओढीपुढे बूमचे किती चालणार, हे लाँचवरच्या माणसाला सांगावे लागत नाही. तिसरा उपाय म्हणजे तवंग फोडणारे रसायन फवारणे. त्याने तेल नाहीसे होत नाही. ते बारीक थेंबांत फुटून पाण्यात मिसळते. खोल समुद्रात ते चालते. उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, मासळीच्या अंड्यांवर ते घालायचे नसते, आणि लगदा झालेल्या जड तेलावर त्याचा फारसा परिणामही होत नाही. ते वापरायला तटरक्षक दलाची संमती लागते. घरातला साबण किंवा सोडा कोणी पाण्यात ओतू लागला तर त्याला थांबवा.

सारांश, समुद्रावर कितीही चांगले काम झाले तरी बरेचसे तेल किनाऱ्यावर येते. आणि किनाऱ्यावर आल्यावर यंत्राचा खेळ जवळजवळ संपतो. तिथून पुढे फावडे, घमेले, बादली आणि माणसाचा हात.

आराखड्यात काय आहे

सागरी प्रदूषणाला तोंड देण्याची जबाबदारी १९८६ साली तटरक्षक दलाकडे आली. तेलगळतीचा राष्ट्रीय आपत्ती आराखडा १९९३ मध्ये मंजूर झाला आणि १९९६ मध्ये जारी झाला. पुढे त्यात सुधारणाही झाल्या. त्यात कामाची वाटणी स्पष्ट आहे. खुल्या समुद्रात तटरक्षक दल. बंदराच्या हद्दीत बंदर प्रशासन. तेल उत्खननाच्या फलाटांभोवती तेल कंपनी. सातशे टनांपर्यंतची गळती ही पहिली पायरी, तिला स्थानिक साधनांनी तोंड द्यायचे. त्यावरची दुसरी पायरी, आणि दहा हजार टनांच्या वर गेली तर देशाबाहेरचीही मदत घ्यायची. आणि किनारा? किनारा स्वच्छ करण्याचे काम राज्य सरकारचे.

तटरक्षक दलाने गेल्या काही वर्षांत चांगली तयारी केली आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रदूषण नियंत्रणासाठी खास बांधलेले 'समुद्र प्रहरी' हे जहाज ऑक्टोबर २०१० मध्ये सेवेत आले, चित्राच्या अपघातानंतर दोन महिन्यांनी. त्यानंतर 'समुद्र पहरेदार', 'समुद्र पावक' आली. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले 'समुद्र प्रताप' ऑगस्ट २०२४ मध्ये पाण्यात उतरले. मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर अशी केंद्रे आहेत, सराव होतात.

पण साथींनो, राज्य सरकारचे काम म्हणजे शेवटी कोणाचे काम? जिल्हाधिकारी तहसीलदाराला सांगतात, तहसीलदार नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला, ती कंत्राटदाराला, कंत्राटदार मुकादमाला. मुकादम नाक्यावर जाऊन माणसे गोळा करतो. आराखड्याच्या वरच्या टोकाला जहाजाचे नाव असते, त्याच्या कॅप्टनचे नाव असते. खालच्या टोकाच्या माणसाचे नाव कुठेच नसते.

एन्नोरच्या बादल्या

चेन्नईचे साथी इथे आहेत. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. २८ जानेवारी २०१७ च्या पहाटे एन्नोरच्या बंदराबाहेर 'बीडब्ल्यू मॅपल' आणि 'डॉन कांचीपुरम' ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. पहिली निवेदने अशी होती की काळजीचे कारण नाही. मग लगदा काठाला लागू लागला. एर्णावूरच्या दगडी बांधाच्या खोबणीत तो एवढा घट्ट साचला की तेल ओढण्यासाठी आणलेल्या मोठ्या यंत्रांच्या नळ्यांतून तो चढेना. शेवटी माणसांची रांग लागली. मच्छीमार, कामगार, कॉलेजची मुले, तटरक्षक दलाचे जवान एका हातातून दुसऱ्या हातात बादल्या देत होते. सगळ्या देशाने ती छायाचित्रे पाहिली. कोणाच्या पायात गमबूट, कोणी अनवाणी. कोणाच्या हातात मोजे, कोणाचे हात कोपरापर्यंत काळे.

त्या वेळी वर्तमानपत्रांनी त्या तरुणांचे कौतुक केले, ते योग्यच होते. पण आपण कामगार संघटना आहोत. कौतुकानंतर आपला प्रश्न वेगळा असला पाहिजे : तेल हाताळणाऱ्या माणसाला ते तेल काय आहे हे कोणी सांगितले का? त्याला मोजे कोणी दिले? त्याची हजेरी कोणी लावली? सहा महिन्यांनी त्याच्या अंगावर चट्टे उठले तर तो कोणाकडे जाणार?

आणि या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, याचा पुरावा पुन्हा एन्नोरनेच दिला. डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचौंग' चक्रीवादळाच्या पुरात तिथल्या खाडीत पुन्हा तेल पसरले. या वेळी ते जहाजातले नव्हते, काठावरच्या उद्योगाकडून आलेले होते. पण दृश्य तेच. मच्छीमार होड्यांत बसून मगाने, बादलीने तेल काढत होते. मधल्या जवळजवळ सात वर्षांत बादली तशीच राहिली.

केरळ, २०२५

२४ मे २०२५ रोजी विळिंजमहून कोचीकडे येणारे 'एल्सा ३' कलले आणि दुसऱ्या दिवशी बुडाले. चोवीसच्या चोवीस माणसे वाचली. तटरक्षक दलाने एकवीस जणांना आणि नौदलाने तिघांना उचलले. जहाजावर सहाशे चाळीस कंटेनर होते. बारांमध्ये कॅल्शियम कार्बाइड. त्याला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू सुटतो, तोच जो आपण वेल्डिंगला वापरतो. अशा कंटेनरजवळ एक पेटती बिडी गेली तर काय होईल हे वर्कशॉपमधल्या साथींनी सांगावे. आणखी काही कंटेनरमध्ये प्लास्टिकचे बारीक दाणे होते, साबुदाण्याएवढे. ते लाखोंनी तिरुवनंतपुरमच्या बाजूच्या वाळूत आले, पुढे तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत गेले. माणसे चाळण्या आणि झाडू घेऊन वाळू चाळत बसली. एक भरती येई आणि चाळलेल्या वाळूवर पुन्हा पांढरा सडा पडे.

जहाज बुडाले त्या जागेभोवती वीस सागरी मैलांत मासेमारी बंद करण्यात आली. राज्य सरकारने बाधित मच्छीमार कुटुंबांना एक हजार रुपये आणि सहा किलो तांदूळ जाहीर केले. त्याच सरकारने जहाजाच्या मालकाविरुद्ध उच्च न्यायालयात नऊ हजार पाचशे एकतीस कोटी रुपयांचा दावा लावला. एका बाजूला नऊ हजार कोटींचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला एक हजार रुपये. या दोहोंच्या मधला रस्ता कसा चालायचा, हे आज आपण समजून घेतले पाहिजे.

दोनच आठवड्यांनी, ९ जूनला, कोलंबोहून न्हावा-शेव्याला येणाऱ्या 'वान हाय ५०३' वर स्फोट होऊन आग लागली. बावीसपैकी अठरा खलाशी वाचले, चार बेपत्ता झाले. तो माल आपल्या बंदरात उतरायचा होता. तो उतरवणारे हात आपलेच असते. कंटेनरमध्ये काय आहे हे कागदावर खरे लिहिलेले असणे, हा खलाशाच्या आणि गोदी कामगाराच्या जिवाचा प्रश्न आहे.

पैसे कोणी द्यायचे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्यात एक समज आहे की साफसफाईचा खर्च सरकारचा, आणि सरकारकडे पैसे नसतात, म्हणून हातमोजेसुद्धा मिळत नाहीत. हा समज चुकीचा आहे.

जहाजाच्या इंधन तेलाने होणाऱ्या प्रदूषणाबद्दल २००१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि भारत त्यात २०१५ साली सामील झाला. एक हजार टनांहून मोठ्या जहाजाने विमा उतरवलेला असलाच पाहिजे, आणि नुकसान झालेल्याने थेट विमा कंपनीकडे दावा करता येतो. टँकरमधून वाहून नेल्या जाणाऱ्या तेलासाठी असाच १९९२ चा करार आहे. या दोन्ही करारांत नुकसानभरपाईबरोबर 'प्रतिबंधक उपाय' धरलेले आहेत, म्हणजे प्रदूषण टाळण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी केलेले वाजवी काम. आणि ते कोणी केलेले? करार म्हणतो, कोणत्याही व्यक्तीने. फक्त सरकारने नव्हे. ग्रामपंचायतीने केले, मच्छीमार सोसायटीने केले, तरी त्याचा वाजवी खर्च मागता येतो. मजुरी, मोजे, बूट, होडीचे भाडे, डिझेल, सगळे त्यात येते. मच्छीमाराची बुडालेली कमाईही येते.

अट एकच : नोंद पाहिजे. कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, किती तास, कोणते काम, किती पिशव्या. विमा कंपनीचा तपासनीस येतो आणि कागद मागतो. कागद नसेल तर त्याच्या दृष्टीने ते काम झालेच नाही. मुदतही ठरलेली आहे. नुकसान झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि काही झाले तरी घटनेपासून सहा वर्षांनंतर तो लागत नाही.

सगळे सोपे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. मालकाची जबाबदारी जहाजाच्या आकारानुसार मर्यादित असते. प्लास्टिकचे दाणे किंवा रसायने हे इंधन तेल नव्हे, म्हणून तिथे हा करार लागू होत नाही. जहाजाचे अवशेष आणि पडलेले कंटेनर काढण्याचा खर्च मालकावर टाकणारा नैरोबीचा २००७ चा करार वेगळा आहे, भारत त्यातही आहे. बाकीच्यासाठी आपल्या न्यायालयांतच झगडावे लागते. राक कॅरियरच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने जहाजाशी संबंधितांना शंभर कोटी भरायला सांगितले, तो निकाल २०१६ चा, म्हणजे बुडाल्यानंतर पाच वर्षांनी. पण करार असो की न्यायालय असो, दोन्हीकडे नोंदवही लागते.

एक शाळेची वही

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो.

२०१० च्या त्या पावसाळ्यात माझ्या गावच्या खाडीकाठी एका कंत्राटदाराने चाळीसेक माणसे कामावर घेतली. निम्म्या बायका होत्या. गोणपाट आणि फावडी दिली. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून त्यांनी आठ-नऊ दिवस तिवरांतले तेल काढले. संध्याकाळी रोख मजुरी हातावर. मस्टर नाही, सही नाही. माझी मावसबहीण त्यांत होती. तिच्या हातांची सालपटे निघाली. डोके दुखते म्हणून ती दोन दिवस घरी बसली, त्या दोन दिवसांची मजुरी बुडाली.

तिच्या मुलीने, ती तेव्हा दहावीला होती, शाळेच्या वहीत सगळ्यांची नावे लिहिली होती. रोजचे तास, किती गोण्या, कोणाला काय त्रास झाला. तिला कोणी सांगितले नव्हते. मुकादम पैशांत खोट करतो म्हणून तिने आपल्या आईसाठी सुरुवात केली, मग बाकीच्या बायका म्हणाल्या, आमचेही लिही.

ती वही माझ्या बहिणीने मला दाखवली. म्हणाली, "दादा, तू युनियनमध्ये आहेस. याचं काही होईल का?" मी त्या वेळी शाखेच्या कमिटीवर होतो. मी वही चाळली आणि म्हणालो, "अगं, तुम्ही आमच्या सभासद नाही. हे काम कंत्राटदाराचं आहे." वही परत दिली.

तेव्हा भारत त्या करारात नव्हता आणि मला तो माहीतही नव्हता, हे खरे. पण ते निमित्त झाले. माहीत नव्हते तर विचारता आले असते. मी विचारले नाही, कारण त्या बायका मला कामगार वाटल्या नाहीत. त्या मला 'गावातल्या बायका' वाटल्या. पुढे जिल्ह्यात पंचनामे झाले, नुकसानीचे अर्ज गोळा झाले. त्यांत ही चाळीस माणसे कुठेच नव्हती. ती वही पुढे गेली असती तर काही मिळालेच असते, असे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण ती कोणी मागितली नाही आणि मीही ती पुढे नेली नाही. वर्षे उलटली आणि दरवाजा बंद झाला. आज ती मुलगी नर्स आहे. बहीण त्याबद्दल मला कधी बोलली नाही. म्हणूनच मला ते जास्त लागते.

आपण काय करावे

म्हणून प्रत्येक बंदराच्या शाखेने काही कामे हाती घ्यावीत असे मी सुचवतो.

पहिले, नोंदवही. प्रत्येक शाखेच्या कार्यालयात छापील कोऱ्या नोंदवह्या तयार असाव्यात. नाव, गाव, तारीख, तास, जागा, काम, दिलेली साधने, झालेला त्रास, आणि काम देणाऱ्याचे नाव. घटना घडली की पहिल्या दिवशी शाखेचा माणूस वही घेऊन काठावर गेला पाहिजे. सभासद असो वा नसो, सगळ्यांची नावे लिहायची. रोज कामापूर्वीचे आणि कामानंतरचे छायाचित्र काढायचे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, सबब चालणार नाही.

दुसरे, साधने. तेलाला टिकणारे मोजे, गमबूट, अंगभर कपडे, वाफेसाठीचे मास्क, पिण्याचे पाणी, हात धुण्याची सोय. यांचा साठा बंदराच्या गोदामात आणि किनारी तालुक्याच्या ठिकाणी असावा, ही मागणी बंदर प्रशासनापुढे आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे लेखी ठेवा. भारतीय बंदरांचा नवा कायदा आणि व्यापारी नौवहनाचा नवा कायदा, दोन्ही संसदेने २०२५ मध्ये मंजूर केले. नवे नियम आणि नवे आराखडे होतात तीच वेळ आपले म्हणणे कागदावर आणण्याची असते.

तिसरे, शिक्षण. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी एक दिवस. लाँचवरचे खलाशी, नांगर-दोरखंडाचे कामगार, सफाईचे कंत्राटी कामगार, आणि जवळच्या कोळीवाड्याचे तांडेल यांना एकत्र बसवा. शिकवायचे ते थोडेच आहे. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. पहिल्या दिवशी वास उग्र असेल तर मागे सरा. वाहून आलेल्या कंटेनरला किंवा पिंपाला हात लावू नका, उघडू तर मुळीच नका. पोलिसांना किंवा तटरक्षक दलाला कळवा. तेल येण्याच्या आत वाळूवरचा कचरा उचला, म्हणजे नंतर तेलकट कचरा कमी होईल. वाळू खरवडा, खणू नका. तेलाने भरलेली वाळू किनाऱ्यावरच पुरू नका. तिवरांत गर्दी करू नका, पायाने तुडवलेले तेल चिखलात खोल जाते आणि वर्षानुवर्षे राहते. पिशवी अर्धीच भरा, फाटली तर दुप्पट काम.

चौथे, मजुरी आणि आरोग्य. हे काम धोक्याचे आहे, त्याची मजुरी साध्या झाडलोटीच्या दराने नको. काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर वैद्यकीय तपासणी हवी, आणि तिचे कार्ड त्या माणसाच्या हातात राहिले पाहिजे. हा खर्च जहाजाच्या विम्यातून मागता येतो, हे अधिकाऱ्यांना आपणच सांगावे लागेल.

पाचवे, बैठकीत जागा. जिल्ह्याच्या आणि बंदराच्या आराखड्याच्या समितीत कामगार संघटनेचा आणि मच्छीमार सोसायटीचा एकेक प्रतिनिधी असावा. कोणत्या खाडीत कोणत्या भरतीला पाणी कुठून शिरते, बूम कुठे लावली तर टिकेल, हे तांडेलाला नकाशाशिवाय सांगता येते. त्याला तेल आल्यावर बोलावतात, तेही बादली घेऊन. त्याला आधी बोलावले तर बादल्या कमी लागतील.

आणि सहावे, आपल्या खलाशी भावांना विसरू नका. अपघात झाला की कॅप्टन आणि खलाशी पकडले जातात, महिनोन्‌महिने परक्या बंदरात अडकतात. जुने जहाज, अपुरी माणसे, न झालेली विश्रांती यांचा हिशेब मालकाकडे मागितला जात नाही. किनाऱ्यावरचा कामगार आणि जहाजावरचा कामगार यांना एकमेकांसमोर उभे करण्याचा प्रयत्न होईल. त्याला बळी पडू नका.

साथींनो, तेलगळतीनंतर समुद्र हळूहळू का होईना, सावरतो. तिवरांना नवी पालवी येते, मासळी परत येते. पण ज्या माणसाने ते तेल हाताने उचलले, त्याचे नाव त्या दिवशी लिहिले नाही तर ते पुढे कधीच लिहिता येत नाही. आपल्या संघटना सुरू झाल्या त्या याच कामातून : मुकादमाच्या तोंडी हिशेबाऐवजी लेखी हजेरीपट मागण्यापासून. ते जुनेच काम आता किनाऱ्यावर न्यायचे आहे.

अभ्यासवर्ग संपवून आपापल्या बंदरांत परत गेल्यावर भाषणातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल. एक दोनशेपानी वही विकत घ्या आणि कार्यालयाच्या कपाटात ठेवा. ती कधी लागू नये हीच इच्छा. पण लागली आणि नव्हती, असे पुन्हा कोणाच्या बाबतीत होऊ नये.



कामगार एकजुटीचा विजय असो!